खरकट्याची चक्की आणि सुभद्रा

सुभद्राला हाकला म्हणून सगळ्यांत मोठ्यानं ओरडले ती मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको की विमलाकाकी, तुमचं काय होतं त्यात? माझंच होतं सगळं त्यात.

आमची खानावळ मालवणात, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला. चुलीशी मी, बाहेर गिऱ्हाइकांशी माझे यजमान गुरुदास, आणि मागं मोरीवर भांडी घासायला सुभद्रा. तारकर्लीहून सकाळच्या पहिल्या एस.टी.नं यायची, एस.टी. चुकली तर तंगडतोड करत चालत यायची, पण आली नाही असा दिवस चौदा वर्षांत मी बघितला नाही. नवरा तरणाताठा असताना गेला. पदरात एक मुलगी, नर्मदा. त्या नर्मदेला तिनं मॅट्रिकपर्यंत शिकवली ती आमच्या मोरीवर उभी राहून, आणि शहाऐंशी साली ती पोर नर्सिंगला रत्नागिरीला होती. म्हणजे सुभद्राचं काम गेलं असतं तर एका जिवाचं पोट आणि दुसऱ्या जिवाचं शिक्षण, दोन्ही एकाच दिवशी बुडालं असतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असूनही मी ओरडले.

बाई बोलायला कमी. पण तिच्या मोरीत कुणी पाऊल टाकलेलं तिला खपायचं नाही. मी एकदा घाईत कढई विसळायला गेले तर माझ्या हातातली कढई काढून घेतली आणि म्हणाली, "वयनी, तुमी माशांच्या निस्त्याक फोडणी घाला." संपलं. मालक आम्ही, पण मोरी तिची. राख, काथ्याचा चोळणा आणि तिची ती काळीसावळी, शिरा उठलेली मनगटं. पितळ्या अशा निघायच्या की कुंकू लावताना आरसा नको.

आता भाईंचं सांगते. भाई म्हणजे माझे थोरले दीर. पंचवीस वर्षं मालवाहू बोटींच्या भटारखान्यात काढली. हिंडले नाहीत असं बंदर नाही. पंच्याऐंशी साली कायमचे घरी आले ते एक लोखंडी पेटी घेऊन, आणि पेटीत हे यंत्र. स्टीलच्या सिंकच्या भोकाला खालून बसवायचं. वर रबराची झडप, आत एक फिरती तबकडी आणि तिच्यावर दोन बोथट हातोड्या, खाली मोटर. बटन दाबलं की खरकटं बारीक होऊन पाण्याबरोबर पाईपातून बाहेर. आम्ही सगळे तिला चक्कीच म्हणू लागलो.

तोवर आमचं खरकटं बादलीत जमायचं आणि मागं माडांच्या आळ्यात पुरायचं. शेकडो वर्षं कोकणात असंच चाललंय, कुणाचं काही अडलं नाही. पण भाईंना ते बघवेना. वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधायचं त्यांच्या डोक्यात होतं. म्हणाले, "मुंबयची माणसां हय माश्यो घोंगावतत त्यो बगूक येतली काय?" होळी झाल्यावर गवंड्यानं सिंक बसवलं, नळवाल्या बाबलीनं पाईप जोडला. मोरीखालून अंगणातून जमिनीतल्या जमिनीत माडापर्यंत, आणि तिथं खड्डा. पूजा झाली, चक्कीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. सुभद्रा मात्र बाजूला हाताची घडी घालून उभी. मी विचारलं, "कशी वाटता?" तर म्हणाली, "तोंड मोठां आसा. पोट खंय आसा ता बगूक व्हया."

भाईंनी दोन नेम घालून दिले. मोठी हाडं आत टाकायची नाहीत, आणि रोज काम झालं की हंडाभर कढत पाणी ओतायचं, म्हणजे पाईप धुऊन निघतो. बोटीवर असंच करायचे म्हणे. बोटीवर करायचे म्हटल्यावर आम्ही काय बोलणार?

पंधरा दिवस चक्की छान चालली. येणारा जाणारा मोरीत डोकावून जाई. मग आली रामनवमी. दुपारची पंगत ऐन भरात, आणि सिंकमधून काळं पाणी भकाभका वर. मोरी भरली, उंबरठा ओलांडून पाणी स्वैपाकघरात, भाताच्या टोपापर्यंत. वास तर असा की बाहेर जेवणारी माणसं पान अर्धवट टाकून उठली.

बाबली आला, लोखंडी कांब घेऊन खुपसत बसला. घटकाभरानं सिंकखालच्या वाकणातून त्यानं काय काढलं, तर सुरमईचा काटा, बोटभर लांब.

भाई तो काटा केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेऊन बाहेर जेवणाच्या दालनात गेले. रोजची गिऱ्हाइकं होती, शाळेतले दोन मास्तर होते, पोस्टातली माणसं होती. सगळ्यांसमोर सुभद्राला हाक मारली. भाई रागावले की शुद्ध बोलतात. म्हणाले, "हे काय आहे? मी सांगितलं होतं ना?"

"मी हाड टाकूक नाय," सुभद्रा म्हणाली. "मोठी हाडां मी आदीच येगळी काढतंय. मांजरांक घालतंय."

"मग हे चालत आलं काय?"

आणि इथं मी तोंड घातलं. माझा राग नाकावर असतो, सगळं मालवण जाणतं. मी म्हटलं, "चौदा वर्सां ह्या घरचां खाल्लंस, आणि ह्या फेडलंस? कामाचो कंटाळो इलो आसात तर सरळ सांग!" अगं बाई, काय बोलून गेले मी! मास्तरांनी माना खाली घातल्या. सुभद्रा माझ्याकडे बघत राहिली, पुन्हा एकदा म्हणाली, "मी टाकूक नाय," आणि फडकं घेऊन जमीन पुसायला वाकली.

मे महिन्यात संकष्टीला चक्की पुन्हा तुंबली. बाबली आला, कांब घातली, कुठंतरी काहीतरी सरकलं, पाणी उतरलं. हाड निघालं नाही, पण कुणी शोधलंही नाही. आमचं ठरूनच गेलं होतं. भाईंनी सुभद्राशी बोलणं टाकलं. काय हवं नको ते माझ्यामार्फत. मीही 'हां' आणि 'हूं' च्या पलीकडे जाईना. चौदा वर्षं जिच्याशी मी माझं माहेर-सासर सगळं बोलले, तिच्याशी! सुभद्रा येई, भांडी घाशी, जाई. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. ती हल्ली मोरीतून वळून वळून माझ्या चुलीकडे बघायची. मला वाटायचं, बघते ते रागानं.

मग आला पहिला श्रावणी सोमवार. पुन्हा तीच तऱ्हा. या खेपेला पाणी घोट्याएवढं. शिरवाळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा टोप मी उचलला म्हणून वाचला.

भाई मोरीच्या दारात येऊन उभे राहिले. "तिसरी वेळ. आता पुरे. उद्यापासून तू यायचं नाहीस."

मी म्हटलं, "बरोबर आसा. हाकला तिका!" जेवणारी माणसं हात धुवायला म्हणून आली ती तिथंच खिळली.

सुभद्रानं हात पदराला पुसले. रडली नाही, ओरडली नाही. भाईंकडे बघून म्हणाली, "आज वार खयचो?"

"सोमवार. त्याचं काय?"

"आज आपल्या चुलीर मासो शिजलो?"

आमच्या खानावळीत सोमवारी, संकष्टीला, देवाच्या दिवशी आणि श्रावणभर मासळी शिजत नाही. सासूबाईंच्या वेळेपासूनचा नियम.

सुभद्रानं बोटं उघडली. "रामनवमी. मगे संकष्टी. आणि आज सोमवार. तीनय येळा मासो नाय, कोंबो नाय, अंड्याचां कवाच सुद्दा नाय. बाकी दिस रोज सुरमय खातत माणसां, तेवा चक्की तुंबाक नाय. मगे सांगा, हाडां इली खंयसून?"

मास्तरांपैकी एकजण मोठ्यानं हसला. "अरे, बरोबर बोलता ती!" भाईंचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. खरंच की! रामनवमीच्या दिवशी ते सुरमईचा काटा नाचवत होते, आणि रामनवमीला आमच्याकडे सुरमई कुठली? तो काटा आधीच्या कुठल्यातरी दिवसाचा, वाकणात बिचारा पडून राहिलेला. आम्हां शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मग तुंबते कशानं?" भाई म्हणाले.

"पाईप खणा. हय सिंकखाली न्हय, थंय माडाकडे, शेवटाक खणा."

बाबली कुरकुरला. पाऊस नुकता थांबला होता, सगळा चिखल. तर सुभद्रानं कासोटा खोचला, फावडं घेतलं आणि स्वतः खणायला लागली. मग बाबलीला लाज वाटली. दोन हात खाली पाईपाचा सांधा लागला. तो सोडवला आणि बाबलीनं आतून हातभर लांबीचा एक गोळा ओढून काढला. पांढरट, साबणाच्या वडीसारखा घट्ट.

सुभद्रानं तो पायरीवर ठेवून दगडानं फोडला. हाडाचा कण नाही. आत सगळा नारळाचा चोथा होता, थरावर थर, आणि थर चिकटवलेले वनस्पती तुपानं.



चोथा मी टाकत होते. मासळी नसते त्या दिवशी जेवणाला चव आणायची ती नारळानं. सोलकढी, शिरवाळ्यांना रस, उसळीला वाटप. पन्नास पन्नास नारळ मी आडाळ्यावर खवायची, वाटायची, पिळायची, आणि सुभद्रा बाहेर पितळ्या गोळा करायला गेली की उरलेला चोथा सरळ चक्कीत. मऊ मऊ चोथा, दात नसलेलं पोर खाईल असा, तो काय तुंबवणार? त्याच दिवशी पुऱ्या तळायच्या, ती कढई विसळलेलं तूपही तिथंच. आणि वर भाईंचं कढत पाणी! त्या पाण्यानं तूप पातळ होऊन निघायचं, आणि माडाकडच्या गार पाईपात जाऊन थिजायचं. थिजलेल्या तुपाला चोथ्याचे तंतू चिकटायचे. सुभद्रा वळून वळून माझ्या चुलीकडे का बघायची, ते तेव्हा कळलं.

तिनं माझं नाव घेतलं नाही. एकदा माझ्याकडे बघितलं फक्त. "ह्यो चोथो मी टाकूक नाय, इतक्याच सांगतंय," म्हणाली.

आणि मी? मी गप्प बसले. एवढं मोठं माझं तोंड, पण त्या दिवशी त्याला कुलूप. आजही आठवलं की स्वतःचीच चीड येते.

भाईंना हार मानवेना. म्हणाले, "चोथ्यासारख्या मऊ वस्तूनं कधी पाईप तुंबतो? आज निघाला हा गोळा, उद्या हाड निघेल. सगळं तुझ्या निष्काळजीपणानं."

"माका आठ दिस द्या," सुभद्रा म्हणाली. "नारळी पुनवेक तुंबली तर माझी मीच जातलंय. पण तोवर चक्कीक हात फक्त माझो. आणि कढत पाणी बंद."

नारळी पौर्णिमा म्हणजे मालवणात काय असतं ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. सगळा गाव बंदरावर, देवबागपासून माणसं येतात, समुद्राला नारळ वाहतात, जत्रा भरते. आमच्याकडे त्या दिवशी तीनशे पान उठतं, आणि प्रत्येक पदार्थात नारळ. वर्षातला एकच दिवस निवडायला सांगितला असता चक्की तुंबवायला, तर भाईंनीही तोच निवडला असता. ते लगेच म्हणाले, "ठरलं. तुंबली तर त्याच दिवशी गाठोडं बांधायचं."

त्या आठ दिवसांत बाईनं त्या यंत्राचा असा काही पिच्छा पुरवला की विचारू नका. वासराला प्यायला शिकवतात तसं ती त्याला खायला शिकवत होती. आधी थंड पाणी सोडायची, मग बटन, मग मूठभर खरकटं. बादलीभर एकदम कधीच नाही. कान देऊन ऐकायची. आत काही असलं की आवाज जाड, बारीक झालं की आवाज पातळ. पातळ झाला तरी पाणी बंद नाही, एक ओवी गुणगुणून होईपर्यंत सोडून ठेवायची, म्हणजे पाईपातलं सगळं पुढं खड्ड्यापर्यंत जातं. थंड पाणी का, विचारलं मी. न राहवून विचारलं. म्हणाली, "तूप आतच गोठूक व्हया, वयनी. गोठला काय चक्की तेचे तुकडे करता. पातळ झाला काय ता गुपचूप जाऊन म्होरे बसता." आणि तेसुद्धा चुकून राहिलेल्या थेंबाचं. कढया, तवे ती आधी नारळाच्या सोडणानं आणि राखेनं कोरडे पुसायची, मगच पाणी.

भात फुगतो, म्हणून भात चिमूटचिमूट. पेज आणि कट अजिबात नाही. अळूच्या देठांच्या शिरा, शेवग्याच्या शेंगांचे चावलेले चोथे, कांद्याची सालं, केळीची पानं, सगळं बादलीत, बादली माडाला. एके दिवशी सोड्याच्या बाटल्यांच्या दुकानातून बर्फाचा खडा घेऊन आली, फोडून लिंबाच्या सालीबरोबर चक्कीत घातला. कडाकडा आवाज झाला, मी कानांवर हात घेतले. पण नंतर मोरीत वाकून बघते तर वास म्हणून नाही! आणि गंमत सांगू? श्रावण संपल्यावर ती मासळीचे बारीक काटे मुद्दाम आत टाकायची, कारण त्यांनी आतला बुरा खरवडून निघतो. ज्या हाडांवरून तिला चोर ठरवली, ती हाडं चक्कीची साफसफाई करत होती.

माझ्याशी मात्र एकच. मी रस पिळला की ती मोरीतून यायची, माझ्या हातातली चोथ्याची टोपली घ्यायची आणि म्हणायची, "ता माका द्या." बस. अर्धा चोथा भांडी घासायला, अर्धा शेजारच्या कोंबड्यांना. रोज टोपली देताना मला वाटायचं, आता बोलावं. आणि रोज मी म्हणायची, उद्या.

नारळी पौर्णिमेला सव्वाशे नारळ फोडले. सकाळपासून दालन भरलेलं, बाहेर पत्र्याखाली बाकं टाकलेली. पहिली पंगत उठली, दुसरी उठली. मोरीत घर्र आणि गुडगुड, घर्र आणि गुडगुड. भाई दर पाच मिनिटांनी येऊन सिंकमध्ये डोकावत होते. एकदा तर सवयीनं कढत पाण्याचा हंडा उचलून निघाले. सुभद्रा आडवी आली. "भाई, थंयच रवा!" पंचवीस वर्षं ज्यांनी कप्तानाचं सोडून कुणाचं ऐकलं नाही, ते हंडा खाली ठेवून मागं वळले.

तिसरी पंगत बसली आणि चक्की थांबली.

घुंऽऽ केलं आणि गप्प. सिंकमधलं पाणी हलेना. वर चढायला लागलं. बाहेर वाढणारी पोर ओरडली, "तुंबली गो तुंबली!" सगळी खानावळ ऐकत होती. भाई धावत आले, गुरुदास आले, बाबली जेवायला बसला होता तो उष्ट्या हातानं उठून आला. भाई म्हणाले, "झालं. संपलं." खरं सांगते, त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. पण बोलले.

मला वाटलं, आज ही बाई जाणार, आणि माझ्या पापानं जाणार.

"कोणी हात लावू नकात," सुभद्रा म्हणाली. आधी भिंतीवरचं बटन बंद केलं. नळ बंद केला. माडाच्या पिढ्याचा, म्हणजे झावळीच्या देठाचा, तासलेला दांडा तिनं ठेवलेला होता, तो झडपेतून आत घातला आणि तबकडी हळूहळू फिरवून बघितली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. कुठंतरी अडली. मग सांडशी आत घातली. सांडशीतून बाहेर आला करवंटीचा तुकडा, नखाएवढा. घाईत कुणाच्यातरी पानातून आला असणार.

"तुंबाक नाय," ती म्हणाली, "अडाकली." तुकडा भाईंच्या तळहातावर ठेवला. वाकून मोटरच्या बुडाशी असलेला लाल खटका दाबला. तो कशाला असतो हे भाईंनाही माहीत नव्हतं, तिनं आठ दिवसांत चाचपून शोधून काढला होता. नळ सोडला. बटन दाबलं.

घर्रऽऽ! आणि गुडगुड करत सिंक रिकामं झालं, शेवटचा थेंब गोल फिरून खाली गेला. काय आवाज होता तो! मला तर वाटलं बंदरावर तोफ उडाली. बाहेर माणसांनी ताटं वाजवली. चौथी पंगत झाली, पाचवी झाली, सहावी झाली. चक्कीनं पुन्हा हूं की चूं केलं नाही.

शेवटचं पान उठल्यावर भाईंनीच बाबलीला फावडं दिलं. "सांधो सोड. माका बगूक व्हया." रागावलेले नव्हते, मालवणीत बोलत होते. सांधा सोडला. सुभद्रानं आतून नळ सोडला आणि पाईपातून पाणी धो धो आलं, स्वच्छ. भाईंनी पाईपात हात घातला कोपरापर्यंत. रिकामा बाहेर काढला.

"जिंकलंस गो," ते म्हणाले. "तुका काय व्हया ता सांग."

"माका कायएक नको. जंय बोललास थंय बोला."

दालनात त्या वेळी चहाला माणसं थांबली होती, ते दोन्ही मास्तरही होते. भाई मधोमध उभे राहिले. घसा खाकरला. "सुभद्रान हाड टाकूक नाय," ते म्हणाले. "एकदाय नाय. मी चारचौघांत तिका खोटी पाडलंय. चूक माझी. आजपासून चक्की तिच्या ताब्यात, मी सुद्दा तिका इचारल्याशिवाय हात लावचंय नाय."

सगळे हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. आता ते प्रकरण मिटलंच होतं. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण सुभद्रा दाराशी उभी होती, ओल्या हातांनी, आणि मला तिच्याकडे बघवेना.

"भाईंची न्हय," मी म्हटलं. "चोथो मी टाकलंय. तीनय येळा मीच. आणि ता पाईप खणल्यान तेवा माका कळलां, तरी मी बोलाक नाय."

गुरुदास माझ्याकडे बघत राहिले. मी सुभद्राकडे वळले. "तुका ठाऊक होतां मा? मगे तू माझां नाव घेऊक नाय कित्याक?"

सुभद्रा म्हणाली, "तुमी बोलतलास म्हणान थांबलंय."

मी तिथंच, सगळ्यांसमोर, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. माझ्यासारखी बाई! लोक काय म्हणाले असतील ते म्हणोत. मग डोळे पुसले आणि तिला हाताला धरून भाईंच्या शेजारी बाकावर बसवली, पान मांडलं, नारळी भात वाढला, शिरवाळे वाढले, वर रस ओतला. ती नको नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. ती जेवत असताना मोरी कुणी सांभाळायची? मी गेले. पहिली पितळी उचलली, खरकटं झडपेपाशी नेलं आणि बटनाकडे हात नेला.

"वयनी!" बाहेरून खणखणीत हाक आली, तोंडात घास असताना. "आदी पाणी!"

आणि मी मुकाट्यानं आधी पाणी सोडलं.